ओगराळं

सातपूरच्या मंगल कार्यालयात
कालच्या लग्नाचं थर्माकोल अजून भिंतीवर होतं,
चि. सौ. कां.च्या पुढचं नाव कुणीतरी खरवडून काढलेलं,
आणि त्याखाली, पंगतीच्या लांब टेबलांवर
दोनशे अकरा टाक्या.
पत्रावळींच्या जागी मासे.

दारात खैरनार. छातीला बिल्ला, हातात थर्मामीटर.
"तुमचं पाणी किती?"
नाव नंतर विचारतात इथे.
सत्तावीस, म्हटलं.
"या."

मी पाणीपुरवठ्यातला माणूस.
बारा बंगल्याला पाळी असते माझी,
अर्ध्या शहराच्या पाण्यात क्लोरीन सोडतो
आणि घरी येऊन तीन बादल्या गॅलरीत उघड्या ठेवतो
रात्रभर,
माझंच दिवसाचं काम उडून जावं म्हणून.
हे मी कुणाला सांगत नाही. इथे सांगितलं.
कुणी हसलं नाही.
एका बाईंनी विचारलं, चार का नाही ठेवत?

मालेगावचा सगीर मोमीन
लूमच्या खडखडाटात वाढलेले गप्पी घेऊन आलेला.
"शांत जागी ठेवले की बिथरतात," म्हणाला.
खरं की थाप, चेहऱ्यावरून कळेना.
देवळालीच्या रेवती कर्डक
शाळेच्या आवारातली बदामाची सुकी पानं गोळा करतात,
टाकीतलं पाणी कोऱ्या चहासारखं व्हावं म्हणून,
कारण डिस्कसच्या पणजोबांची नदी तशी आहे म्हणे.
ती नदी आमच्यातल्या एकानेही पाहिलेली नाही.

परीक्षक पुण्याचे.
माझ्या एंजलच्या जोडीपुढे थांबले,
"डावा पर जरा..." म्हणाले
आणि वाक्य तिथेच ठेवून पुढे गेले.

तीन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.

आधी पंखे थांबले. मग ती बुडबुड,
सकाळपासून कानात होती
हे ती थांबल्यावर कळलं.
जनरेटरच्या खोलीची किल्ली मालकाकडे,
मालक वणीला, दर्शनाच्या रांगेत.
वीस मिनिटांनी पहिला डिस्कस वर आला,
तोंड पाण्याच्या कडेला लावून.

ओरडलं कुणीच नाही.
सगीरने स्वयंपाकघराचं दार खांद्याने उघडलं.
आतून ओगराळी आली, वाट्या, ताकाचे जग,
आणि आम्ही उभे राहिलो.
पाणी घ्यायचं, हातभर वर न्यायचं, सोडायचं.
घ्यायचं, न्यायचं, सोडायचं.
ज्याच्या समोर जी टाकी, ती त्याची.
परीक्षकांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.
बेट्टा तेवढे निवांत, त्यांना वरची हवा चालते.
खैरनारांच्या पदकवाल्या जोडीला
त्यांच्याशी पाच वर्षं न बोलणारा बोरस्ते
वरणाच्या ओगराळ्याने हवा देत होता.
माझ्यापुढे सहा निऑन, चिठ्ठीवर पेन्सिलीने
'मल्हार, सहावी ब'.
मल्हार कुठे दिसत नव्हता.
पाऊण तासाने दंडात गोळे आले,
मग तेही कळेनासं झालं.

वीज आली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.
सात गेले.
त्यातला एक बोरस्त्याचा, त्याच्या स्वतःच्या टाकीत,
तिथे कुणी पोचलंच नव्हतं.
खैरनार त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.
काहीतरी बोलले.
ऐकू आलं नाही, पंप सुरू झाले होते.

लिलावात मी एकच मासा घेतला, एकशे चाळीसला.
सिटीलिंकच्या मागच्या सीटवर पिशवी मांडीवर,
दर थांब्याला गाठ चाचपून पाहत.

घरी ती तशीच बंद, टाकीत तरंगत ठेवली. अर्धा तास.
आतलं पाणी नि बाहेरचं पाणी
एकमेकांच्या अंगवळणी पडेपर्यंत
गाठ सोडायची नसते.
"काय मिळालं?" हिने विचारलं,
मग माझ्याकडे पाहून,
"आणि बाही का ओली, कोपरापर्यंत?"
पहाटे पाचची पाळी होती.
मी पिशवीकडे बघत होतो.
अजून अकरा मिनिटं.